निकोटिन गम, 2 मि.ग्रॅ.: माल चोख, चघळणारे चुकतात

पुण्यातल्या कुठल्याही औषध दुकानात सिगारेट सोडायचा गम मागितला की बहुधा 2 मिलिग्रॅमचीच पट्टी पुढे येते, कारण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक ‘निकोटेक्स द्या’ असंच म्हणतं. पुदिना, दालचिनी, पान अशा चवींत येतो. आणि पट्टी नेणाऱ्यांपैकी बरेच जण चार दिवसांत टपरीवर परत उभे असतात: ‘काही उपयोग नाही, नुसती उचकी लागते.’ उचकी लागते हे खरं, पण ती बहुतेक वेळा गम चुकीचा चघळल्यानेच लागते.

हा गम सलग चावायचा नसतोच. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. तोंडात मिरीसारखी तिखट झिणझिण आली की थांबा आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून गप्प बसा. मिनिटभरात झिणझिण ओसरते, मग पुन्हा थोडं चावून दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास चालवलं की त्यातला अर्क संपतो. निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवं, म्हणून हा सगळा खटाटोप. भराभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात उतरतं, तिथून यकृतात जातं आणि बरंचसं तिथेच निकामी होतं. जाता जाता घसा खवखवतो, मळमळतं, छातीत जळजळ होते आणि ती उचकी. नीट चघळूनही 2 मि.ग्रॅ.मधलं साधारण निम्मंच रक्तात पोचतं.

दुसरी चूक अमृततुल्यासमोर होते. तोंड अल्कधर्मी असेल तरच निकोटिन गालातून नीट शोषलं जातं, म्हणून गममध्ये सोड्याच्या जातीचे क्षार घातलेले असतात. (तंबाखूत चुना मळतात तोही ह्यासाठीच, मळणाऱ्यांना ही केमिस्ट्री कोणी शिकवावी लागत नाही.) कॉफी, कोला, लिंबू सरबत, फळांचा रस आम्ल असतात आणि क्षारांचं काम पुसून टाकतात. तेव्हा गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. चहाबरोबर सिगारेट ओढणाऱ्यांनी चहाच्या जागी गम घ्यावा, चहाच्या घोटाबरोबर नव्हे.

चहाचं आणखी एक प्रकरण आहे, ते पाकिटावर सापडत नाही. सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातलं एक विकर (एन्झाइम) वाढवून ठेवतात आणि त्यामुळे कॅफीन शरीरातून लवकर निघून जातं. सिगारेट बंद झाली की काही दिवसांत ते विकर उतरतं आणि रोजचेच चार कप अंगावर जवळजवळ दुपटीने येतात. हात थरथरणं, धडधड, रात्रभर टक्क जागं राहणं, ह्याचं खापर गमवर फुटतं. हे काम धुराचं असतं, निकोटिनचं नव्हे, म्हणून गम चालू ठेवूनही ते टळत नाही. पहिल्याच आठवड्यात चहा-कॉफी निम्मी करा. हीच गोष्ट काही औषधांनाही लागू आहे: दम्यावरचं थिओफिलिन, मानसिक आजारांवरचं क्लोझापिन किंवा ओलांझापिन चालू असेल तर सिगारेट सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

आता मात्रा. इथे 2 मि.ग्रॅ.ची खरी मर्यादा दिसते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटत असेल तर तुमचं व्यसन जड आहे आणि तुम्हाला 4 मि.ग्रॅ. लागतो. त्याला मात्र चिठ्ठी लागते, म्हणून ज्यांना जास्त गरज तेच कमी ताकदीचा गम घेऊन बसतात. फॅमिली डॉक्टरकडे एक फेरी मारणं हाच उपाय. त्याहून उशिरा पेटवणाऱ्यांना 2 मि.ग्रॅ. पुरतो, पण वेळापत्रकाने घेतला तर. पहिले 6 आठवडे दर 1-2 तासांनी एक, 7 ते 9 आठवडे दर 2-4 तासांनी, 10 ते 12 आठवडे दर 4-8 तासांनी. दिवसाला 24 च्या वर नाही. सुरुवातीला दिवसाला निदान 9 तरी व्हायला हवेत. लोक दोन-तीन घेतात आणि तल्लफ शिगेला पोचल्यावर घेतात. सिगारेटचं निकोटिन 10-20 सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. पेटलेल्या तल्लफेवर तो धावून येत नाही, आधीपासून तोंडात हवा. हिंजवडीत जेवणानंतर गेटबाहेर जायची सवय असेल तर डबा संपल्यावर तोंड धुवा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, गम तोंडात टाका आणि मगच जागेवरून उठा.

तल्लफ, चिडचिड, बेचैनी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात असते आणि दोन ते चार आठवड्यांत उतरते. नुसत्या गमवर ती आवरत नसेल तर पॅच, म्हणजे कातडीवर लावायची निकोटिनची चिकटपट्टी, जोडा: दिवसभराचा आधार पॅचचा, मधली उसळी गमची. ही जोडी एकट्या गमपेक्षा जास्त परिणामकारक ठरली आहे. पॅच 21, 14 आणि 7 मि.ग्रॅ.मध्ये येतात. जागा रोज बदलायची, नाहीतर कातडी खाजते. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा.

‘निकोटिन सोडायला निकोटिनच?’ हा प्रश्न हमखास येतो. व्यसन लावतं निकोटिन, पण फुफ्फुसं आणि रक्तवाहिन्या नासवण्याचं आणि कर्करोगाचं बहुतेक काम टार, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोसामाइन्स ही तंबाखूतली घातक रसायनं करतात. ते गममध्ये नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये निकोटिनची ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. तरी गम म्हणजे बडीशेप नव्हे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. काही जण तीन महिन्यांनंतरही गमला चिकटून राहतात. सिगारेटपेक्षा ते बरं, पण संख्या उतरवत न्यायला हवी.

तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा वाल्यांसाठी मात्र ह्या गमला माझ्याकडून कमी गुण. महाराष्ट्रात तंबाखूचं बहुतांश व्यसन तोंडातलंच आहे, आणि तिथे गमचा पुरावा सिगारेटइतका भक्कम नाही. समुपदेशनाचा उपयोग जास्त दिसतो. शिवाय गुटख्यात सुपारी असते. सुपारीची वेगळी सवय लागते, तिच्यावर निकोटिनचा काही इलाज चालत नाही. गुटखाबंदी 2012 पासून आहे, पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना ठाऊक. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर सुपारीने गालाचं अस्तर आखडलेलं असू शकतं. अशा माणसाला हा कडक गम चावताच येत नाही. त्याने औषध दुकानाऐवजी आधी डेंटल कॉलेज गाठावं. तिथे तपासणी होते आणि तंबाखू सोडायलाही मदत मिळते. पानाची चव गुटखा सोडणाऱ्याने घेऊ नये असं माझं मत. जीभ त्याच वासाभोवती फिरत राहते. कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तर चोखायची निकोटिनची गोळी घ्या.

ह्या गमच्या यशावरून दारू किंवा ब्राउन शुगरही घरच्या घरी सोडता येईल असा समज कोणी करून घेऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट, भ्रम, क्वचित मृत्यूही. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. ब्राउन शुगर सुटताना अंग पिळवटून निघतं आणि त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. त्यासाठी ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा 1986 पासून चाललेलं येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

पाचपैकी सिगारेटवाल्यांसाठी चार, तंबाखूवाल्यांसाठी अडीच. एक गुण कापला तो सूचनांसाठी: ज्या पद्धतीवर सगळं अवलंबून, तीच मुंगीएवढ्या अक्षरांत. विकत घेताना पट्टीची नव्हे, एका गमची किंमत काढून तुलना करा आणि मुदतीची तारीख बघा. जुना गम कडक होऊन तुटतो. चघळलेल्या गममध्येही निकोटिन उरतं, म्हणून तो कागदात गुंडाळून लहान मुलांच्या आणि कुत्र्याच्या हाताला न लागेल असा टाका. फोनवरून मोफत सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन 1800-11-2356. हाच नंबर सिगारेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. सुट्टी सिगारेट घेणाऱ्याच्या तो नजरेला पडत नाही, आणि सुट्टी विक्रीवर राज्यात 2020 पासून बंदी आहे हेही टपरीवर कोणाला आठवत नाही.