डेटा रिकव्हरीच्या नावावर ३२,२९९ रुपये नेले, कृषी केंद्रवाल्या भावांनो सावध राहा

कृषी केंद्रवाले, किराणावाले, ज्यांची उधारी कम्प्युटरवर आहे त्या सगळ्यांनी वाचा. मला ३२,२९९ रुपयांना लुटलं आणि लुटणारा अजून मोकळाच फिरून राह्यला.

आमचं बिलिंग मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रामवर बनवलेलं, बनवणारा पोट्टा नोकरीसाठी पुण्याला गेला. ऐन पेरणीत दुकान भरलेलं असताना लाईन गेली, यूपीएसची बॅटरी बसलेली, कम्प्युटर धाडकन बंद. चालू केला तर 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट', म्हणजे फाईल ओळखताच येत नाही. खताचं बिल सरकारी पॉस मशीनवर निघते, पण बियाणं, फवारणीची औषधं आणि शेतकऱ्यांकडची उधारी सगळी त्या एका फाईलीत. आमच्याकडं जूनची उधारी कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर येते. ते आकडेच गेले तर कोणाला काय मागणार? अशा वेळी माणूस काय करन? गूगलवर डेटा रिकव्हरीचा जो नंबर सगळ्यात वर दिसला तो लावला. कोणीही तेच केलं असतं.

त्यानं एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कम्प्युटर चालवायचं अ‍ॅप, टाकायला लावलं, तपासणीचे २,४९९ घेतले. मग माझी फाईल त्यानं नोटपॅडमध्ये उघडली. स्क्रीनभर चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या भाषेतली ते समजत नाही अशी अक्षरं. 'देखिए सर, हॅकर का कोड घुस गया है.' छातीत धस्स झालं.

भाऊ, तिथंच तो सापडत होता! अ‍ॅक्सेसची फाईल चांगली असो का बिघडलेली, नोटपॅडमध्ये असाच कचरा दिसते. वरच्या ओळीत 'स्टँडर्ड एसीई डीबी' हे शब्द साफ दिसत होते, मी डोळ्यानं पाह्यले, ते एसीसीडीबी प्रकारच्या प्रत्येक अ‍ॅक्सेस फाईलीत असतातच. त्याच फोल्डरमध्ये मागच्या दिवाळीची चांगली बॅकअप फाईल होती, ती नोटपॅडमध्ये उघडली असती तर हेच चौकोन दिसले असते आन् लेकाचा जागेवर उघडा पडला असता. राहून राहून तेच डोळ्यापुढं येते. पण हे दुकानदाराला कोण शिकवते? माझं काम बियाणं विकायचं.

मग 'क्लीनिंग'चे ११,८००, जीएसटीसकट म्हणे. बिल नाही, जीएसटी नंबर नाही, यूपीआय कोण्या बाईच्या नावावर. असं दिसलं की फोन ठेवा, पुढं बोलूच नका. नंतर त्यानं गिऱ्हाईकांच्या नावाची यादी दाखवली, नावं खरी होती म्हणून माझा विश्वास बसला, आणि फाईल उघडायच्या पासवर्डसाठी १८,००० मागितले. भरले. फाईल उघडली तर माझीच दिवाळीची बॅकअप, नाव बदलून! त्यानंतर फोन उचलणं बंद.

आता सरकारी कारभार ऐका. बँक म्हणे पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. ठाण्यात म्हणे पैसे तुम्हीच टाकले ना हो, एवढे शिकलेले दिसता, जिल्ह्याला सायबरवाल्याकडं जा. तिथं गेलो, दुपारपर्यंत बाकावर बसवलं आणि म्हणे आधी सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर टाका. पोर्टलवर स्क्रीनशॉट, व्यवहाराचा यूटीआर नंबर, सगळं टाकलं, तिथं अजून 'प्रक्रियेत' लिहून आहे. अरे, ज्या खात्यात पैसे गेले त्याचा आयडी मी हातात आणून दिला, आणखी काय चोर धरून आणून देऊ? शेतकऱ्याचा हप्ता थकला तर हीच बँक घरी माणूस पाठवते, इथं एका खात्याची माहिती काढायला यांचे हात दुखतात. पैसे गेल्याबरोबर १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन लावा, ठाण्यात जायच्या आधी लावा. उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात पळते.

सुदैवानं त्याला फोन करायच्या आधी मी बिघडलेली फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन ठेवली होती. तुमीही आधी कॉपी काढा, कोणालाच मूळ फाईलीला हात लावू देऊ नका, अ‍ॅक्सेसचं 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'सुद्धा कॉपीवरच चालवा. नागपूरच्या एका पोट्ट्यानं नवा कोरा डेटाबेस बनवून त्यात एकेक टेबल इम्पोर्ट केलं. गिऱ्हाईकांचं आलं, उधारीचं बरंचसं आलं, शेवटच्या काही दिवसांची बिलं गेली ती गेलीच. पैसे घेतले १,५००, तेही काम दाखवून.

आणि एनीडेस्क अजून कम्प्युटरवर असेल तर काढून टाका, नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, आजच.

त्याचा नंबर चालू आहे. परवा दुसऱ्या मोबाईलवरून लावला, तोच आवाज, 'सर, डेटा सौ टका मिलेगा.' हे सांगायला ठाण्यात गेलो तर म्हणे साहेब बंदोबस्तात आहेत, सोमवारी या.