मेल चालू करून दिला, मग खातं रिकामं केलं

काकांना फसवणाऱ्या माणसाने त्यांचं काम आधी खरोखर करून दिलं होतं. हे मुद्दाम सुरुवातीलाच सांगतोय, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच म्हणतो, "अहो, एवढे शिकलेले, पाटबंधारे खात्यात उभी हयात गेलेली, आणि अनोळखी माणसाचं ऐकलं?" अनोळखी माणसाचं त्यांनी ऐकलंच नसतं. वीज तोडतो म्हणणारे, पार्सलमध्ये गांजा सापडला म्हणणारे, व्हिडिओ कॉलवर पोलिसी टोपी घालून बसणारे, या सगळ्यांना काकांनी मिरजेच्या भाषेत वाटेला लावलेलं आहे. इथे फोन काकांनी स्वतः लावला होता आणि समोरच्याने पाच मिनिटांत काम करून दिलं होतं.

काकांचा कॉम्प्युटर जुना. मेल ते त्याच्यावरच ब्राउझरमधून बघतात. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून तिथे मेल घेतलेलाच नाही. सोसायटीची सचिवकी त्यांच्याकडे असल्यामुळे देखभाल खर्चाच्या पावत्या, ऑडिटरचे निरोप सगळं त्याच मेलवर येतं. दिवाळीनंतर एका सकाळी मेल उघडेना. पानाऐवजी भला मोठा इशारा, कनेक्शन सुरक्षित नाही वगैरे. दुसरा ब्राउझर लावला, तिथेही तेच. राउटर बंद करून चालू केला, फरक नाही. काकांनी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला होता. मी तो नंतर पाहिला. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख दिसत होती १ जानेवारी २०१५.

पण असा इशारा आला की तो पूर्ण कोण वाचतं? काकांनी मोबाइलवर शोधलं, मेल ओपन होत नाही, कस्टमर केअर नंबर. सगळ्यात वर जी लिंक आली ती जाहिरात होती. 'प्रायोजित' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात असतो की चष्मा असूनही दिसत नाही. आत मेल कंपनीचा लोगो, हेडफोन घातलेल्या मुलीचा फोटो आणि ठळक नंबर.

फोन उचलणारा हिंदीत सुरू झाला, काकांचं नाव ऐकून मोडक्या मराठीवर आला. त्याने पासवर्ड विचारला नाही. उलट म्हणाला, "पासवर्ड कोणालाही सांगू नका सर, मला पण नाही." मग पडद्यावर काय दिसतंय ते वाचून घेतलं, तारीख विचारली, तारखेवर राइट क्लिक करून ती कशी बदलायची ते एकेक पायरी सांगितली. पान रिफ्रेश केल्याबरोबर मेल उघडला. पैसे? "नाही सर, ही फ्री सर्व्हिस आहे. नंबर सेव्ह करून ठेवा, परत काही झालं तर डायरेक्ट मला करा." काकांनी नंबर सेव्ह केला. काकूंना सांगितलं सुद्धा, हल्ली अशी माणसं मिळत नाहीत.

आता यातली गोम. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो मरतो. मशीनला विजेचा पुरवठा चालू असेल तोवर ते लक्षातही येत नाही, कारण घड्याळ त्या विजेवर चालतं. पण काका रोज रात्री भिंतीवरचा बोर्ड बंद करतात, बिल वाचतं म्हणून. दिवाळीत ते मुलीकडे पुण्याला होते, तेव्हा तर बोर्ड कितीतरी दिवस बंद. परत येऊन मशीन लावलं तेव्हा घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जाऊन बसलेलं. आणि तारीख इतकी चुकली की मेलच काय, बँक, रेल्वे, कुठलीच सुरक्षित साइट उघडत नाही. प्रत्येक साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. २०१५ मध्ये बसलेल्या ब्राउझरच्या दृष्टीने आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं खरं, पण फरक काही वर्षांचा असला की ती आपोआपची जुळणी बऱ्याचदा होत नाही.

म्हणजे नुसती तारीख बदलून दिलेली दुरुस्ती एका रात्रीची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच होणार, हे त्या माणसाला माहीत असणार असं माझं ठाम मत आहे. तारीख २०१५ दिसतेय म्हटल्यावर सेल गेलाय हे गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या पोरालाही कळतं. तो पोरगा चाळीस-पन्नास रुपयांत सेल बदलून देतो. याने सेलचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी मेल पुन्हा बंद. काकांनी सेव्ह केलेला नंबर लावला. आता सूर बदलला होता. "सर, तारीख आपोआप मागे जात नाही. कोणीतरी आत बसून बदलतंय. मला बघू द्या." आधी तारीख पुन्हा नीट करून घेतली, कारण त्याशिवाय काहीच डाउनलोड होणार नव्हतं. मग एनीडेस्क उतरवायला लावलं. हे ॲप मुळात चांगलं आहे. माझ्या ऑफिसातले लोक रोज वापरतात. आपल्या कॉम्प्युटरचा माउस आणि कीबोर्ड दुसऱ्या गावच्या माणसाच्या हातात देण्यासाठीच ते बनवलेलं आहे. प्रश्न एवढाच की तो माणूस कोण. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना या ॲपचं नाव घेऊन सावध केलं होतं. काकांनी पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला, 'ॲक्सेप्ट' दाबलं आणि माउस आपोआप हलायला लागला.

मग त्याने विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. तुमच्याआमच्या कुठल्याही धडधाकट कॉम्प्युटरवर ते उघडून बघा, लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण यांची लांबलचक यादी दिसेल. प्रिंटर सापडला नाही, एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, असल्या फुटकळ नोंदी असतात त्या. काकांना सांगण्यात आलं की प्रत्येक लाल गोळा म्हणजे एक हॅकर. यादी खालपर्यंत सरकवत नेली, मुद्दाम सावकाश. काका म्हणतात, "ते बघून माझे हातपाय गार पडले रे."

उपाय म्हणून 'सिक्युरिटी रजिस्ट्रेशन' सांगितलं, ज्येष्ठ नागरिकांना फक्त दहा रुपये. दहा रुपयांसाठी कोण संशय घेतो? मात्र ते भरायचे कॉम्प्युटरवरून, नेट बँकिंगने. आणि मोबाइल 'व्हेरिफाय' करायला व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे दाबली की फोनमध्ये थेट ॲप बसवणारी. फोनने धोक्याची सूचना दिली. त्याने सांगितलं, येऊ द्या, पुढे जा. त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्या क्षणापासून काकांना येणारा प्रत्येक ओटीपी तिकडेही जात होता. काकांनी बँकेत लॉगिन केलं आणि पडदा काळा झाला. "स्कॅन चालू आहे सर, मशीन बंद करू नका, नाहीतर डेटा उडेल." फोन चालूच होता. मधेमधे तो नातवंडं किती, गुडघे दुखतात का, असं विचारत होता. काळ्या पडद्यामागे त्याने काकूंच्या नावाने ठेवायची म्हणून काकांनी ऑनलाइन केलेली मुदत ठेव मोडली, नवं खातं जोडलं आणि दोन फेऱ्यांत एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम पाठवून दिली.

मला हे कळलं ते निव्वळ योगायोगाने. दुपारी सोसायटीच्या एका कागदासाठी मी फोन केला तर काका खुशीत, "मेल झाला रे चालू, फार सज्जन माणूस मिळालाय, अजून स्कॅन करतोय." स्कॅन हा शब्द ऐकला आणि मी म्हणालो, "काका, राउटरची वायर उपटा आधी. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. बाकी मग बोलू." पुढचं बोलणं काकूंच्या फोनवरून झालं. काकूंनी डेबिट कार्डाच्या मागचा नंबर बघून बँकेला फोन लावला, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करून घेतलं, तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहिला. मी तोवर १९३० लावत होतो. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर. तिथे पाल्हाळ चालत नाही. खातं कुठल्या बँकेचं, रक्कम किती, वेळ काय आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक, एवढं हाताशी ठेवा. पैसे पहिल्या खात्यात फार वेळ थांबत नाहीत, तिथून चार खात्यांत फुटतात, म्हणून तिथे मिनिटांना किंमत आहे. आमची दुसरी रक्कम समोरच्या खात्यात असतानाच गोठवली गेली. पहिली निघून गेली होती. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर रीतसर तक्रार आणि पोलीस ठाण्यात जबाब झाला. आमची गोठलेली रक्कम सोडवायला न्यायालयाचा आदेश लागणार असं सांगितलं गेलं आणि ते प्रकरण अजून चालू आहे.

बँकेच्या शाखेत वेगळाच अनुभव. "ओटीपी तुमच्याच फोनवरून गेला" एवढं एकच वाक्य. यात त्यांचं पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं असतं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणून तो तक्रार क्रमांक आणि त्याची वेळ जपून ठेवायची. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का द्यायला खळखळ करतात, आपण उभं राहायचं.

रात्री मी मिरजेला पोहोचलो आणि मेल तपासायला बसलो तेव्हा खरी करामत दिसली. सेटिंगमध्ये एक फिल्टर होता, बँकेच्या पत्त्यावरून आलेला मेल थेट कचऱ्यात टाकणारा. मुदत ठेव मोडल्याचा मेल, नवं खातं जोडल्याचा मेल, सगळे तिथे पडलेले. शिवाय प्रत्येक मेलची प्रत एका परक्या पत्त्यावर पाठवण्याची सोयही करून ठेवली होती. लोक फसल्यावर पासवर्ड बदलतात आणि निर्धास्त होतात. पासवर्ड बदलला तरी फिल्टर आणि फॉरवर्डिंग जागच्या जागी राहतात, ते हातानेच काढावं लागतं. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल आणि दुसरा मेल आपलाच आहे ना, लॉगिन असलेल्या उपकरणांच्या यादीत कोणी परकं नाही ना, हेही बघावं लागतं. हे सगळं दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून करा. काकांचा मोबाइल आम्ही पूर्ण रिसेट केला आणि कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलं. त्याआधी एनीडेस्कची नोंद फाइल बाजूला काढून ठेवली, कोण कधी जोडलं गेलं ते त्यात असतं, पोलिसांना ती हवी होती.

तुमचा मेल ब्राउझरमध्ये उघडत नसेल तर आधी तोच मेल फोनवर उघडून बघा, वायफाय बंद करून, मोबाइलच्या नेटवर. तिथे उघडला तर कंपनीचं काही बिघडलेलं नाही, दुखणं आपल्या मशीनचं किंवा घरच्या कनेक्शनचं आहे. मग तारीख आणि वेळ बघा. ती बरोबर असेल तर ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) विंडोमध्ये उघडून पाहा. तिथे चालला तर ब्राउझरने साठवून ठेवलेल्या साइटच्या जुन्या नोंदी आणि फाइली (कुकीज आणि कॅशे) किंवा ब्राउझरला जोडलेलं एखादं एक्स्टेन्शन, बहुतेकदा जाहिराती अडवणारं, हेच कारण निघतं. मशीन फारच जुनं असेल तर ब्राउझरच कालबाह्य झालेला असू शकतो. विंडोज ७ वर क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासून येतच नाही. आणि जीमेलचं ते साधं, हलकं एचटीएमएल रूप, जे खटाऱ्या मशीनवरही चालायचं, ते २०२४ मध्ये बंद झालं. यातल्या कशालाही कुणाला फोन करावा लागत नाही. फुकट मेल वापरणाऱ्यांसाठी फोनवर माणूस बसवून ठेवण्याएवढ्या या कंपन्या उदार नाहीत. तेव्हा असा माणूस फोनवर भेटलाच, तर तो कंपनीचा नव्हे असंच धरा.

एक गोष्ट राहिली. काही आठवड्यांनी काकांना फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची गोठवलेली रक्कम सुटलीय, पाच टक्के प्रोसेसिंग भरा." तक्रार क्रमांक त्याला माहीत नव्हता, पण रक्कम मात्र रुपयापर्यंत बरोबर सांगत होता. म्हणजे फसलेल्यांची यादी त्याला फसवणाऱ्यांकडूनच मिळालेली असणार, ते वेगळं सांगायला नको. काकांनी फोन काकूंकडे दिला. काकूंनी त्याला ठाण्याचा पत्ता आणि तपास करणाऱ्या हवालदाराचं नाव विचारलं, त्याने फोन ठेवला. तो नंबर आम्ही 'चक्षू'वर, म्हणजे संशयित फोन-मेसेज कळवण्याच्या सरकारी ऑनलाइन सोयीवर, नोंदवलाय आणि ठाण्यातही देऊन आलोय.