स्पर्शखूण, वस्तू की हातातली खूण? कर्णबधिर-अंध मुलाशी वर्गात बोलताना

बहुतेक कर्णबधिर-अंध मुलांना थोडंफार दिसतं किंवा ऐकू येतं. म्हणून आधी श्रवणयंत्राची बॅटरी पाहा, चष्मा पुसा आणि खिडकीला पाठ लावून बसू नका. उजेड मागून आला की तुमचा चेहरा काळवंडतो. मग साधन निवडा.

स्पर्शखूण सर्वांत सोपी. ‘ऊठ’साठी कोपराखालून वर आधार, रोज त्याच जागी, तेवढाच ठाम. निसटत्या स्पर्शाने मूल दचकतं. घोळ मोठ्यांचाच होतो: बाईंची पाठीवरची थाप म्हणजे ‘शाब्बास’, मावशींची म्हणजे ‘चल पुढे’. शिवाय हा संवाद एकतर्फी असतो. मुलाला कळतं, पण त्याला काही मागता येत नाही.

वस्तू दिली तर मागता येतं. पाणी हवं असलं की ते पेला तुमच्या हातात देईल. मात्र वस्तू खरी हवी. प्लॅस्टिकची छोटी बस डोळसांना बस वाटते; हातांना तो चाकं लावलेला डबा. त्याऐवजी बसच्या सीटवरच्या रेक्झिनचा तुकडा द्या. सुरुवात दोन-तीन कामांपासून करा. काम सुरू होण्याच्या अगदी आधी वस्तू हाती द्या, मुलालाच ती तिथवर नेऊ द्या, काम संपलं की ‘संपलं’च्या डब्यात टाकायला लावा. अर्धा तास आधी दिलेला चमचा जेवणाशी जुळत नाही, आणि चिडचिड सुरू होते. हे जमलं की वस्तू खणांत क्रमाने मांडून दिवसाचं वेळापत्रक करता येतं; कर्णबधिर-अंध मुलांना शिकवणारे नेदरलँड्सचे यान व्हान डाइक यांच्या कामातून ही पद्धत पुढे आली.

हातातल्या खुणा म्हणजे खुणांच्या भाषेतल्या खुणा, मूल तुमच्या हातांवर हात ठेवून त्या चाचपतं. त्यांना सामान लागत नाही, पण बोटांवर ताबा आणि स्मरण लागतं. तुमचे हात खाली, मुलाचे वर, हवे तेव्हा काढून घेता येतील असे. मुलाचे हात धरून खूण करवून घेतली तर ते हात आखडतं, किंवा सगळं तुमच्यावर सोडून देतं. शिवाय पहिली खूण ‘आणखी’ नको; सगळ्याच गोष्टींसाठी तीच वापरली जाते.

जन्मतः दोन्ही दोष असलेल्या, पुढे काय होणार याचा अंदाज न येणाऱ्या मुलासाठी आमचा कौल वस्तूला, सोबत दोन-तीन स्पर्शखुणा. सेरेब्रल पाल्सीत बोटं वळत नसतील तरी वस्तूच. ती पकडता येत नसेल तर दोन समोर धरा, हात कुठे सरकतो ते पाहा. उशर सिंड्रोममध्ये (ऐकू कमी येण्यासोबत नजरही हळूहळू अरुंद होत जाणारा आनुवंशिक विकार) खुणांची भाषा आधीपासून येणाऱ्या मुलाला मात्र वस्तू देऊ नका. नजरेचा पट्टा अरुंद झाल्यावर खुणा छातीसमोर लहान जागेत करा, पुढे त्याला तुमची मनगटं धरू द्या.

तिन्हींत खूण दिल्यावर १० ते २० सेकंद थांबा. त्याआधी दुसऱ्यांदा दिलीत तर मुलाला विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.