आयसी ८१४ ची सुटका : सरकारी सर्व्हिसला माझे ५ पैकी अडीच स्टार

आयसी ८१४ म्हणजे डिसेंबर १९९९ मध्ये अतिरेक्यांनी पळवून अफगाणिस्तानातल्या कंदहारला नेलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान. अशा विमानात अडकलेल्या माणसांना सोडवून आणणं हीसुद्धा सरकारने द्यायची सर्व्हिसच आहे, म्हणून रिव्ह्यू त्याच नजरेने लिहितोय.

कंदहारचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच "प्रवाशांच्या बदल्यात तीन अतिरेकी सोडले" यावरच भांडण जुंपतं, पण माझे सगळ्यात जास्त मार्क कापले गेलेत ते अमृतसरला. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं विमान संध्याकाळी आपल्याच जमिनीवर उतरलं होतं, कॅप्टन देवी शरण इंधन संपत आलंय म्हणून सांगत होते, जवळपास पाऊण तास विमान तिथे होतं आणि दिल्लीत नुसत्या मीटिंगा, ऑर्डर कोणी द्यायची तेच ठरेना, एनएसजीचे कमांडो वेळेत पोचले नाहीत आणि शेवटी विमान इंधन न भरताच उडालं! आत सुरीचे वार झालेला एक तरुण प्रवासी, नुकतंच लग्न झालेलं, त्याचा मृतदेहच दुबईत उतरवावा लागला. त्या घरच्यांना काय सांगणार?

पुढे कंदहारला गेल्यावर आपल्या हातात होतंच काय? तिथे राज्य करणाऱ्या तालिबानला आपली मान्यता नव्हती, काबूलचा आपला दूतावास १९९६ पासून बंद होता, आणि विमानाभोवती तालिबानचेच हत्यारबंद लोक. अशा ठिकाणी विवेक काटजू, अजित डोवाल, सी. डी. सहाय वगैरे अधिकारी मंडळी वाटाघाटींसाठी २७ तारखेला पोचली. समोरून मागणी ३६ कैदी, २० कोटी डॉलर आणि वर सज्जाद अफगाणी या मेलेल्या अतिरेक्याचा मृतदेह. पैसे आणि मृतदेह हे इस्लामला धरून नाही असं तालिबाननेच सांगितल्यावर त्या दोन मागण्या गेल्या, पण ३६ चे ३ करणं हे घासाघीस करणाऱ्यांचंच काम आणि त्यांना मी मनापासून पूर्ण मार्क देतो. इकडे मुंबई पोलिसांनी अपहरणकर्त्यांचे साथीदार पकडले म्हणून विमान पळवणारे कोण ते कळलं, हे आपल्या मराठी लोकांनाही फारसं माहीत नसतं.

सुटकेच्या दिवशी, ३१ डिसेंबरला मात्र परत घोळ. ऐनवेळी निर्णय घ्यायला कोणीतरी वरचं माणूस तिथे हवं हे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जसवंत सिंग यांचं म्हणणं मला थोडंफार पटतं, पण सोडायचे तिघे, मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर, ज्या विमानात त्याच विमानातून देशाचे परराष्ट्रमंत्री जातात हे नाही पटत, एखादा मोठा अधिकारी पाठवता आला असता. मसूदने २००० मध्ये जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना काढली आणि त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

अर्धा स्टार नातेवाइकांसाठी कापलाय. आपली माणसं कुठल्या हालात आहेत ते नीट कळेना म्हणून बायाबापड्यांना थंडीत पंतप्रधानांच्या घरासमोर घोषणा देत बसावं लागलं, त्यांच्याशी रोज सकाळ-संध्याकाळ बोलायला एक जबाबदार माणूस नेमायला काय लागत होतं?