गंजलेला क्राऊन दाखवून माझे २५,९५० रुपये नेले

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचा माल भरून मी स्वतः पिकअप चालवतो. गाडीचा हप्ता १३,६४०. आषाढीच्या तोंडावर पंढरपूरच्या फेऱ्या वाढल्या आणि नेमका तेव्हाच मागून आवाज सुरू झाला. साठच्या पुढे गेलो आणि एक्सिलेटर सोडला की मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी पेटीतून, म्हणजे हौसिंगमधून, बारीक रडल्यासारखा ‘कूंऽऽ’. पाय दाबला की गप्प.

ओळखीच्या ड्रायव्हरने सांगितलं म्हणून एका गॅरेजला गेलो. मिस्त्रीने गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली, तिशीच्या वर काटा गेला नसेल. आवाज साठला येतो हे मी दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “मालक, कराऊन-पिनियन गेलंय. आज नाही टाकलं तर मोहोळच्या पुढं चाक जाम होऊन बसताव बघा, मालासकट.” क्राऊन-पिनियन म्हणजे हौसिंगमधली, मागच्या चाकांना ताकद देणारी दातेरी चक्रांची जोडी. माझ्या डोळ्यासमोर माल भरलेली गाडी हायवेवर आडवी दिसली. मी हो म्हणालो. त्या वेळी दुसरा कोणीही हो म्हणाला असता.

क्राऊन-पिनियनचा सेट १४,८००, चार बेरिंग ५,२००, सील आणि ऑईल १,४५०, मजुरी ४,५००. एकूण २५,९५०. त्यातले १०,००० फोनवरून पाठवले, बाकीचे १५,९५० रोख मोजले. “पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा पडतो” म्हणाला, म्हणून बिल घेतलं नाही. बिल सोडू नका. जीएसटी पडू दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो, तेव्हा जुने पार्ट दाखव म्हणालो. एवढी अक्कल मला होती. त्याने गोणीतून एक क्राऊन काढला. दोन दाते तुटलेले. “हे बघा, नशीब तुमचं.” मी तो हातात घेतला, आणि हाताला तांबडा गंज लागला. तो गंज मी पँटला पुसला, हेही मला आठवतं. हौसिंगमधला क्राऊन रात्रंदिवस गिअर ऑईलमध्ये बुडालेला असतो. बाहेर काढला की बोटांवरून ऑईल ओघळायला पाहिजे. सकाळी माझ्या गाडीतून निघालेला पार्ट संध्याकाळी गंजेल कसा? शिवाय दोन दाते तुटलेले असते तर प्रत्येक फेऱ्याला ठोका बसला असता, एकसारखा बारीक सूर निघाला नसता. पंधरा वर्षं गाडी चालवतोय, हे मला माहीत होतं. पण दिवसभर उन्हात उभा होतो आणि व्यापाऱ्याचा चौथा फोन येत होता. मी पैसे दिले.

चार दिवस गाडी शांत चालली. पाचव्या दिवशी टेंभुर्णीहून येताना तोच आवाज, तोही पाय सोडल्यावरच. गॅरेजला गेलो तर, “नवीन सेट आहे मालक, रुळायला वेळ लागतो.”

मग तुळजापूर नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीला हात लावण्याआधी मला बाजूला बसवून हायवेवर दहा किलोमीटर नेलं. वळणावर आवाज बदलला तर हब बेरिंग, रस्ता बदलल्यावर बदलला तर टायर. दोन्हीत बदल नाही आणि फक्त एक्सिलेटर सोडल्यावर येतो, म्हणजे पहिला संशय पिनियनच्या पुढच्या बेरिंगवर. हे त्याने मला गाडीतच सांगितलं. पिनियनच्या सीलमधून ऑईल गळून हौसिंगवर काळा थर बसला होता, तोही त्याने बोटाने दाखवला. मग खालचा नट काढला. लापशीसारखं घट्ट ऑईल पडलं आणि त्यात लाकडाचा भुसा निघाला. आवाज चार दिवस दाबायला तो पुरतो. आत माझाच जुना क्राऊन, माझाच जुना पिनियन, सगळे दाते धड. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बनतात, दोघांवर जुळणारा नंबर कोरलेला असतो. काम द्यायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा. उघडताना समोर उभे राहा, कोणी “उद्या या” म्हटलं तरी. बेरिंग, सील, ऑईल, मजुरी धरून त्याने ७,३५० घेतले. आवाज गेला तो गेलाच.

भुशाचं ऑईल बाटलीत भरून मी पोलिसांकडे गेलो. पहिल्या ठाण्यात सांगितलं, “ही आमची हद्द नाही.” दुसऱ्यात दीड तास बसवलं आणि म्हणाले, “दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” गंजलेला पार्ट दाखवून पैसे काढले, तो दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी ते मोबाईलवर उघडून दाखवलं तर साहेब म्हणाले, “वकील आहेस का बे?” तिसऱ्या खेपेला अर्ज ठेवून घेतला, पण पोच दिली नाही. पोच मागितली तर बिल मागतात. बाटलीकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. या खेपांत माझ्या तीन फेऱ्या बुडाल्या, त्या कुठे लिहू?

दुसऱ्या एका कार्यालयात टेबलावरच्या बाईंनी पिवळी नंबरप्लेट बघून सांगितलं, “व्यावसायिक गाडी, तुम्ही ग्राहक होत नाही.” खोटं आहे हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला वगळलेलं नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. मी अर्ज लिहून ठेवलाय. सोबत दहा हजार पाठवल्याची फोनवरची नोंद आणि म्हाताऱ्या मिस्त्रीच्या सहीचा कागद जोडलाय.

गेल्या वर्षभरात सोलापुरात ज्यांनी बिलाशिवाय क्राऊन-पिनियन बदलून घेतलंय, त्यांनी हौसिंगचा खालचा नट काढून वाटीभर ऑईल पांढऱ्या कागदावर ओता. भुसा निघाला तर ते फेकू नका, बाटलीत भरून ठेवा.