२६ आठवड्यांनी कामावर, की मूल शाळेत जाईपर्यंत घरी?

थोरलीच्या वेळी मी नोकरी सोडली आणि ती बालवाडीत जायला लागल्यावर दुसरी धरली. धाकट्याच्या वेळी बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली तशी कामावर हजर झाले. दोन्ही वेळा गाव सांगली, काम अकाउंट्सचं. त्यामुळे मैत्रिणी, भाच्या विचारायला येतात तेव्हा मला दोन्हीकडचं थोडंफार सांगता येतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर मात्र माझं काही ऐकू नका. तिथे निवड करायला जागाच नसते.

घरी राहण्याचं सुख मी नाकारणार नाही. थोरलीचा पहिला मऊ भात, पहिला ताप, रांगणं, सगळं माझ्यासमोर झालं. ‘जेवली का गं ती?’ असं कुणाला फोनवर विचारावं लागलं नाही. शिवाय हात रिकामे नव्हते. मार्केट यार्डातल्या दोन-तीन हळद व्यापाऱ्यांच्या टॅलीतल्या एंट्र्या आणि जीएसटीची रिटर्न्स मी घरूनच करायचे, पोरगी झोपली की. पैसे रोखीत, हातोहात मिळायचे. माझं डोकं गंजलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

आणि तरीही कुपवाडच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा सगळं एका कागदावर येऊन अडलं. ‘शेवटची पगार स्लिप द्या.’ शेवटची स्लिप बाळंतपणाच्या आधीची. मधल्या काळातली रिटर्न्स, व्यापाऱ्यांचा विश्वास, मार्चअखेरची जागरणं, यातल्या कशाचीच स्लिप नव्हती. समोरचे गृहस्थ बोलायला सभ्य होते. म्हणाले, ‘मॅडम, गॅप आहे ना, मग आपण लास्ट ड्रॉनवरच फिक्स करू.’ म्हणजे मधल्या वर्षांत महागाई वाढली, माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे पगार वाढले, आणि माझा आकडा मात्र मी जिथे सोडला तिथेच माझी वाट बघत बसला होता. ‘आता दुसऱ्याचं काही प्लॅनिंग?’ हा प्रश्नही आला, पण तो अपेक्षित होता. स्लिपचा राग मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कारण त्याचा हिशेब पुढे कधी मिटत नाही. समजा दोघींचा पगार २२,००० आणि इन्क्रिमेंट वर्षाला ८ टक्के. एक कामावर राहिली, दुसरी तीन वर्षं घरी बसून २२,००० वरच परतली. त्या दिवशी पहिलीचा पगार २७,७०० च्या आसपास असतो, म्हणजे फरक महिन्याला ५,७०० चा. पुढे दोघींना अगदी सारखी इन्क्रिमेंट मिळाली तरी दहा वर्षांनी तोच फरक १२,३०० वर जातो. पीएफ वेगळा. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात. बाळंतपणाची रजा त्यात धरली जाते, पण राजीनामा दिला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, ते बायकांच्या कमाईवरच्या अशाच कामासाठी. एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या पगारात आज जी तफावत दिसते, तिचा मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो, असं त्यांनी दाखवलं. डेन्मार्कमधल्या दुसऱ्या अभ्यासकांच्या पाहणीत आयांची कमाई दीर्घकाळात सुमारे २० टक्क्यांनी मागे राहिलेली दिसते. बापांच्या कमाईवर ओरखडाही नाही. तिथे पाळणाघरांना सरकारी पैशाचा भरपूर आधार असताना ही गत.

आता दुसरी बाजू, कारण तीही काही फुलांची नव्हती. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे भरपगारी मिळतात, हे सगळ्यांना माहीत असतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ द्यायचा असतो, हे ऑफिसात बहुधा आपल्यालाच सांगावं लागतं. पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. आमच्या युनिटमध्ये तेवढी नव्हती. मी स्टोअररूममध्ये, जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांमागे खुर्ची टाकून दूध काढायचे आणि दाराला आतून कडी नसल्यामुळे पाठ लावून बसायचे. भरीत भर म्हणजे कंपनीची सुट्टी सोमवारी आणि विश्रामबागचं पाळणाघर बंद रविवारी. दर रविवारी सासूबाईंचे गुडघे आणि माझी ड्युटी यांची रस्सीखेच ठरलेली.

पहिलं वर्षभर पाळणाघराची फी आणि रिक्षा जाऊन हातात फार काही उरत नव्हतं. ‘मग जातेस कशाला?’ हे घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी, एकदा तर रिक्षावाल्या काकांनीही विचारलं. (फी नेहमी बाईच्याच पगारातून का वजा करायची, मूल काय तिचं एकटीचं असतं? असो.) त्या वर्षी मी कमावली ती रक्कम नव्हतीच, स्लिप होती. पुढे मिरजेला जास्त पगारावर गेले तेव्हा त्यांनीही तोच कागद मागितला, आणि या वेळी तो मागच्याच महिन्याचा होता.

तेव्हा अंगात त्राण असेल आणि बाळाला सांभाळणारं बऱ्यापैकी कुणी असेल, तर मला वाटतं, जा. रजा संपताना डोळ्याला धार लागते हे खरं. माझी दोन-तीन महिन्यांत आटली, तुमचं वेगळं असू शकतं.

घरीच राहायचं ठरलं, तर निदान राजीनाम्याआधी बिनपगारी रजा लेखी मागून बघा. पीएफ मोडू नका. पीएफसोबतच्या पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले की मागची वर्षं धरली जात नाहीत. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे मागची वर्षं पुढच्या नोकरीत जोडून देणारा कागद, घेता येतं. घरून काम कराल त्याचे पैसे बँकेतूनच घ्या आणि रक्कम कितीही लहान असली तरी आयकराचं रिटर्न भरा, म्हणजे दाखवायला काहीतरी राहतं. आणि कामावर जाणार असाल, तर पाळणाघरात फी नंतर विचारा, आधी सुट्टीचा वार विचारा.