जुन्या वॅगनआरचं ॲव्हरेज आणि सहाशे रुपयांचं ओबीडी डोंगल

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवरच्या ॲपला पाठवणारी छोटी डबी म्हणजे हे ओबीडी डोंगल. त्याला पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा ॲपने दाखवलेल्या ॲव्हरेजसाठी कापला, तो आकडा निव्वळ अंदाज आहे. खरं ॲव्हरेज काढायचं तर आधी टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच भरायचं. याला पर्याय नाही.

गाडी २०१२ ची, के-१० इंजिनाची. सातारा-कोरेगाव रोजचं येणं-जाणं, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. सतरा-अठरा देणारी गाडी बारावर आली तेव्हा जो तो आपापलं निदान सांगू लागला. सगळ्यांचं लाडकं निदान म्हणजे ई-२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. ऊस आपला, कारखाने आपले, त्यामुळे इथेनॉलवर आमच्याकडे प्रत्येकाला मत असतं. पण हिशोब करून बघा. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं तर एकूण घट सहा-सात टक्क्यांची. म्हणजे अठराचं पावणेसतरा होईल. बारा कसं होईल? एअर फिल्टर, प्लग नवे टाकून झाले होते, हवा दर पंधरवड्याला बघते. ज्या गॅरेजला गाडी जायची तिथे उत्तर ठरलेलं, "मॅडम, जुनी गाडी हाय, एवढंच देणार."

म्हणून हे ईएलएम ३२७ नावाचं ओबीडी डोंगल मागवलं. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचं, ब्लूटूथने अँड्रॉइड फोनला जोडायचं, टॉर्क ॲप उघडायचं. जोडणी दोनदा रुसली, मग झाली. पहिल्यांदा गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड तपासले, एकही नव्हता. इथे बरेच जण डोंगल काढून ठेवतात आणि पैसे वाया गेले म्हणतात. कोड सोडा, कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान स्क्रीनवर लावून गाडी चालवा. या खरेदीतली सगळी वसुली त्या एका आकड्यात आहे.

सकाळी घरातून निघून माहुलीचा पूल ओलांडेपर्यंत हा आकडा ऐंशीच्या वर जायला हवा. माझा साठच्या आसपास घुटमळत होता. पोवई नाक्याच्या गर्दीत अडकलं की वर चढायचा, कोरेगाव रस्त्याला वेग धरला की परत खाली. थांबल्यावर तापतं आणि पळताना गार पडतं, म्हणजे थर्मोस्टॅट सतत उघडा. हा व्हॉल्व्ह इंजिन गार असेपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो आणि ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे उघडतो. तो उघडाच राहिला तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, इंजिन अजून गारच दिसतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. थंडीत चोक ओढूनच स्कूटर चालवण्यातला प्रकार.

एमआयडीसीतल्या दुसऱ्या मिस्त्रींना फोनवरचा आलेख दाखवला. त्यांनी हाउसिंग खोललं आणि हसले. "ताई, थर्मोस्टॅट खराब नाय, थर्मोस्टॅटच नाय आत." मागे कधीतरी गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकला होता. आपल्याकडे ही जुनी खोड आहे: फॅन किंवा रेडिएटरचा दोष शोधायचा कंटाळा, म्हणून थर्मोस्टॅटच बाहेर. बिलावर त्याचा उल्लेख कशाला असेल! नवा चारशेच्या आत आला, गॅस्केट आणि कूलंट वेगळं.

त्यानंतर आकडा पुलाच्या अलीकडेच ऐंशी पार करतो आणि तिथेच टिकतो. ॲव्हरेज पंधरावर आलं. उरलेल्या दोनाचं कारण डोंगलला कधीच सापडलं नसतं, कारण चाकाला सेन्सर नाही. ते हाताने सापडलं. लांबून आल्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेला तर उजवीकडची बाजू भट्टीसारखी. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून जाम, पॅड डिस्कला सतत घासत होतं. साफ करून ग्रीस लावल्यावर सतराच्या जवळ गेली. चौदा वर्षांच्या गाडीकडून मला एवढं पुष्कळ.

घेणाऱ्यांसाठी थोडं. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना सॉकेट असलं तरी हे डोंगल बोलेलच असं नाही, आधी ओळखीच्या कुणाचं तरी लावून बघा. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथवालं चालणार नाही, वायफायवालं घ्या. अगदी अशाच दिसणाऱ्या "पेट्रोल वाचवणाऱ्या" डब्या ऑनलाइन मिळतात. त्यात लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे काही नसतं. आणि गाडी आठ दिवस उभी राहणार असेल तर डोंगल उपसून ठेवा, ते बॅटरी पितं.